वनस्पतीजन्य पूरक सुरू केले की मत्स्यबीज खाद्य सोडते: पुन्हा पुन्हा येणाऱ्या अडचणीचे निवारण

तक्रार जवळजवळ नेहमी एकाच क्रमाने येते. मत्स्यबीज, म्हणजे माशांची लहान पिल्ले, चांगले खात असते, म्हणून खाद्यात लसूण, हळद, मेथी, गुळवेल किंवा अशाच एखाद्या वनस्पतीची पूड मिसळायला सुरुवात होते. पहिले दोन-तीन दिवस काही फरक जाणवत नाही. चौथ्या-पाचव्या दिवशी पाण्यात ठेवलेल्या खाद्याच्या ट्रेमध्ये खाद्य उरू लागते, पाण्यावर तवंग दिसतो, काही पिल्ले कडेला रेंगाळतात आणि आठवडा संपेपर्यंत थोडी मरतूक सुरू झालेली असते. पूड बंद केली की सारे पूर्ववत होते, आणि महिनाभराने ती पुन्हा सुरू केली की तेच चक्र पुन्हा फिरते. मग एकतर वनस्पतीलाच निरुपयोगी ठरवले जाते, नाहीतर मात्रा वाढवून पाहिली जाते. दोन्ही निर्णय खरे कारण न शोधताच घेतलेले असतात.

या चक्राचा माग मी बऱ्याच टाक्यांमध्ये काढला आहे आणि त्यातून माझे मत असे बनले आहे की दोष वनस्पतीच्या गुणात क्वचितच असतो. बहुतेक वेळा ती पिल्लाच्या पोटात पोहोचतच नाही, किंवा पोहोचते तेव्हा आपण समजतो त्याच्या दुप्पट-तिप्पट पोहोचते. मोठ्या माशांसाठी सांगितलेले प्रमाण आणि पद्धत जशीच्या तशी मत्स्यबीजाला लावल्यामुळे या दोन उलट्या वाटणाऱ्या चुका एकाच टाकीत एकाच वेळी घडू शकतात. म्हणून खाली जो क्रम दिला आहे, तो शक्यतो मोडू नये. त्यातली प्रत्येक पायरी पुढच्या पायरीचा गोंधळ कमी करते.

आधी पाणी तपासा

पुडीवर संशय घेण्यापूर्वी ती निर्दोष असण्याची शक्यता तपासली पाहिजे. याची सोपी रीत अशी की त्याच टाकीतली किंवा तळ्यातली पिल्ले शेजारी शेजारी लावलेल्या दोन हाप्यांत (पाण्यात उभारलेल्या बारीक जाळीच्या पिंजऱ्यांत) सारख्या संख्येने विभागावीत, एका हाप्याला पूड घातलेले आणि दुसऱ्याला त्याच पोत्यातले साधे खाद्य द्यावे, आणि दोन-तीन दिवस दोन्हीकडचे उरलेले खाद्य तोलावे. दोन्ही हाप्यांत सारखेच खाद्य उरत असेल तर पुडीचा संबंध नाही, पाण्यात किंवा पिल्लांच्या अंगात काहीतरी बिघडले आहे. पूड घातलेल्या हाप्यातच अधिक उरत असेल तर पुढच्या पायऱ्यांकडे वळावे. हापे नसतील तर निदान दोन दिवस सर्वांना साधे खाद्य देऊन पाहावे. मात्र या दुसऱ्या रीतीत एक फसगत आहे. साध्या खाद्यावर परत आल्यावर पिल्ले सुधारली, तरी त्याच दोन दिवसांत ढग हटले असतील किंवा पाणी बदलले असेल, तर श्रेय कोणाला द्यायचे हे ठरत नाही.

पाण्याच्या तपासणीत वेळेला फार महत्त्व आहे. विरघळलेला प्राणवायू पहाटे, सूर्य उगवण्याच्या सुमारास मोजावा, कारण रात्रभरात तो सर्वांत खाली गेलेला असतो. तो लिटरला ५ मिलिग्रॅमच्या खाली असेल तर पिल्लांची भूक मंदावणे स्वाभाविक आहे. सामू (पीएच) मात्र दुपारी मोजावा, कारण शेवाळाच्या प्रकाशसंश्लेषणामुळे तो दुपारी चढतो आणि त्याबरोबर अमोनियाचा विषारीपणाही चढतो. २५ अंश सेल्सिअस तापमानाला सामू ७ असताना एकूण अमोनियापैकी जेमतेम ०.६ टक्के भाग विषारी, मुक्त रूपात असतो. सामू ८ असताना तो सुमारे ५ टक्के होतो आणि सामू ९ असताना ३५ टक्क्यांच्या पुढे जातो. म्हणजे सकाळी निर्धोक वाटलेले पाणी अमोनियाचे एकूण प्रमाण तेवढेच राहूनही दुपारी घातक ठरू शकते.

इथे पुडीचा अप्रत्यक्ष हात असतो. न खाल्लेले खाद्य तळाशी कुजते, त्यातून अमोनिया वाढतो, अमोनियाने भूक आणखी मंदावते आणि आणखी खाद्य उरते. चौथ्या-पाचव्या दिवशी उठणाऱ्या तक्रारीमागे अनेकदा हेच असते. पहिल्या दिवसापासून थोडे थोडे उरत होते, पण तळ दिसत नसल्यामुळे ते कोणाच्या लक्षात आले नव्हते. म्हणून पूरक सुरू करण्याच्या आधीपासूनच ट्रे लावून उरलेले खाद्य पाहण्याची सवय ठेवावी.

सूक्ष्मदर्शक जवळ असेल तर आठ-दहा पिल्लांचे कल्ले अवश्य पाहावेत. ट्रायकोडिना किंवा डॅक्टिलोगायरस यांसारखे परजीवी कल्ल्यांवर वाढले असतील, तर पिल्ले खाद्य सोडणारच. वनस्पतीजन्य पूरकाने ते परजीवी जातील अशी आशा धरून दिवस घालवणे हे पिल्लांच्या जिवावर बेतते. ज्या पिल्लाने खाणेच सोडले आहे, त्याच्या पोटात खाद्यातून काहीही जाणार नाही.

पेल्यातली चाचणी

हापा चाचणीने पुडीकडे बोट दाखवले असेल, तर आता सर्वांत महत्त्वाचा प्रश्न येतो: खाद्यावर लावलेली पूड पिल्लाच्या तोंडापर्यंत टिकते का?

याचे उत्तर पाच मिनिटांत मिळते. पांढऱ्या कागदावर काचेचा स्वच्छ पेला ठेवावा, त्यात टाकीतलेच पाणी घ्यावे आणि पूड लावलेल्या खाद्याची चिमूट वरून सोडावी. हळद लावलेले खाद्य असेल तर अगदी पहिल्या काही सेकंदांतच दाण्यांपासून पिवळ्या रेषा खाली उतरताना दिसतात. दाणा बुडत जातो आणि त्याच्यामागे धुरासारखी एक शेपटी राहते. मिनिटभरात पेल्याच्या तळाशी पिवळसर थर बसतो आणि दाणा पूर्वीसारखा तपकिरी दिसू लागतो. हळदीतील करक्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, त्यामुळे हा पिवळेपणा विरघळण्याचा नसून पुडीचे कण दाण्यावरून सुटल्याचा पुरावा असतो. लसूण, आवळा किंवा गुळवेल यांच्या बाबतीत गोष्ट अधिक अवघड आहे, कारण त्यांतले पाण्यात विरघळणारे घटक रंग न दाखवताच निघून जातात आणि पेल्यातले पाणी स्वच्छ दिसते. म्हणून बांधणीची, म्हणजे पूड खाद्याला चिकटवून ठेवण्याची, पद्धत हळदीवर तपासून घ्यावी आणि मगच ती इतर वनस्पतींसाठी वापरावी. कण धरून ठेवू न शकणारी बांधणी विरघळणारे घटक तर नक्कीच धरून ठेवणार नाही.

मोठ्या माशांच्या खाद्यावर हाच लेप बऱ्यापैकी टिकतो आणि मत्स्यबीजाच्या चुऱ्यावर टिकत नाही, याचे कारण साध्या भूमितीत आहे. २ मिलिमीटर व्यासाच्या दाण्यांचा अर्ध्या मिलिमीटरचा चुरा केला, तर तेवढ्याच वजनाच्या खाद्याचा पृष्ठभाग चौपट होतो. लेपाचा थर तेवढा पातळ होतो आणि पाण्याला झिरपायला जागा तेवढी अधिक मिळते. त्यातच लहान पिल्ले दाण्यावर झडप घालून तो गिळत नाहीत. ती तो टोचतात, सोडतात, पुन्हा उचलतात. या खेळात जाणारी मिनिटे खाद्याला धुऊन काढतात.

सुटलेली पूड वाया गेली एवढ्यावर हे थांबत नाही. काही वनस्पतींमध्ये सॅपोनिन (पाण्यात साबणासारखा फेस आणणारे द्रव्य) असते आणि माशांच्या बाबतीत ते पोटापेक्षा कल्ल्यांना अधिक घातक असते. मोहाची पेंड आणि चहाच्या बियांची पेंड संगोपन तळ्यातले नको असलेले मासे मारण्यासाठी बीज सोडण्यापूर्वी वापरतात, ती याच सॅपोनिनच्या बळावर. मोहाच्या पेंडेचे त्यासाठीचे प्रमाण लिटरला सुमारे २५० मिलिग्रॅम आहे. शतावरी आणि मेथी यांतही सॅपोनिन असते. खाद्यातली त्यांची अल्प मात्रा त्या पेंडेच्या पासंगालाही पुरणार नाही हे खरे, परंतु लहान टाकीत, पाणी न बदलता, दिवसातून पाच-सहा वेळा धुऊन जाणारी पूड साठत राहते हे विसरू नये. कडुनिंबाच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. त्यातील ॲझाडिरॅक्टिन कीटकांप्रमाणेच पाण्यातल्या संधिपाद जीवांनाही अपायकारक असल्यामुळे तळ्यातल्या डॅफ्नियासारख्या प्राणीप्लवंगांवर (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म प्राण्यांवर) त्याचा परिणाम होऊ शकतो, आणि मत्स्यबीजाचे नैसर्गिक अन्न तेच असते. संगोपन तळ्यात कडुनिंब न वापरण्याकडेच माझा कल आहे.

बांधणी कशी करावी

नुसते तेल लावून पूड चिकटवणे ही सर्वांत प्रचलित आणि मत्स्यबीजासाठी सर्वांत कमकुवत रीत आहे. माझ्या अनुभवात जिलेटिनचा लेप आणि त्यावर तेलाचा पातळ हात ही जोडी अधिक भरवशाची ठरली आहे. एक किलो खाद्यासाठी २० ग्रॅम जिलेटिन आधी थोड्या गार पाण्यात भिजवावे, मग एकूण सुमारे १०० मिलिलिटर होईल इतके गरम पाणी घालून ते पूर्ण विरघळेपर्यंत ढवळावे, उकळू नये. ते हाताला कोमट लागू लागले की वस्त्रगाळ केलेली पूड त्यात कालवावी आणि हे मिश्रण खाद्यावर थोडे थोडे शिंपडत, हलक्या हाताने खालीवर करत लावावे. एकदम ओतल्यास बारीक चुऱ्याच्या गुठळ्या होतात आणि मधले खाद्य कोरडे राहते. मग कापडावर पातळ थर पसरून सावलीत, वारा खेळत असेल अशा जागी वाळवावे.

वाळले की नाही हे हाताच्या स्पर्शावर सोडू नये, तोलून ठरवावे. एक किलो खाद्य, २० ग्रॅम जिलेटिन आणि ५ ग्रॅम पूड असेल तर वाळलेल्या मालाचे वजन १०२५ ग्रॅमच्या आसपास आले पाहिजे. काटा ११०० दाखवत असेल तर पाणी अजून आत आहे आणि तो माल साठवल्यास त्याला बुरशी येणारच. वजन जुळल्यावर १० ते १५ मिलिलिटर खाद्यतेलाचा शेवटचा हात द्यावा, जमलेल्या गुठळ्या चोळून फोडाव्यात आणि चुरा पुन्हा चाळून घ्यावा. त्यानंतर पेल्यातली चाचणी पुन्हा करावी. पाच मिनिटांनीही पाणी बऱ्यापैकी स्वच्छ राहिले तर बांधणी जमली असे समजावे.

अंड्याचा पांढरा बलकही बांधणीसाठी वापरला जातो आणि तो चिकटतोही चांगला. मात्र कच्च्या बलकातील ॲव्हिडिन हे प्रथिन बायोटिन या जीवनसत्त्वाला बांधून ठेवते, म्हणून आठवड्यामागून आठवडे कच्चा बलक वापरणे योग्य नाही.

खाद्य अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही बारीक असेल तर लेपाचा नाद सोडावा. त्यासाठी पूड कणकेत आतूनच घालावी, म्हणजे खाद्याचे पीठ, शिजवलेली खळ किंवा जिलेटिन आणि पूड एकत्र मळावी, पातळ लाटून वाळवावी, मग दळून चाळावी. आत बांधलेली पूड बाहेर लावलेल्या पुडीपेक्षा सावकाश सुटते. आणि नुकतीच बाह्य अन्न घेऊ लागलेली मत्स्यजिरे (अंड्यातून नुकतीच निघालेली कोवळी पिल्ले) असतील तर वनस्पतीजन्य पूरकाची घाई मुळीच करू नये. त्या वयात रोटिफर, आर्टेमियाची पिल्ले यांसारखे सूक्ष्म जलजीव किंवा तळ्यातले प्लवंग पुरेसे मिळणे हीच त्यांच्या जगण्याची खरी अट असते.

टक्केवारीचा फसवा हिशेब

लेप टिकू लागला की दुसरी चूक डोके वर काढते, आणि ती बहुतेकांना अनपेक्षित असते. आतापर्यंत धुऊन जाणारी पूड आता खरोखरच पोटात जाऊ लागते, त्यामुळे पूर्वी चालणारी मात्रा आता अधिक ठरते.

खाद्यातले प्रमाण टक्क्यांत सांगितले जाते, पण शरीरावर परिणाम होतो तो शरीराच्या वजनाच्या हिशेबाने. मत्स्यबीज दिवसाला आपल्या वजनाच्या ८ टक्के खाद्य खात असेल आणि खाद्यात १ टक्का पूड असेल, तर त्याला शरीराच्या किलोमागे दिवसाला ०.८ ग्रॅम पूड मिळते. तेच खाद्य ३ टक्के दराने खाणाऱ्या मोठ्या बोटुकलीला (बोटाएवढ्या वाढलेल्या पिल्लाला) ०.३ ग्रॅमच मिळते. टक्केवारी एकच, पण लहान पिल्लाला मिळालेला वाटा अडीच पटीहून अधिक, आणि त्याचे यकृत व आतडे मात्र अजून घडत असते. त्यामुळे मोठ्या माशांवर उपयुक्त ठरलेले प्रमाण मत्स्यबीजासाठी निदान एक-तृतीयांश करूनच सुरुवात करावी, असा माझा आग्रह आहे. लसणाची कोरडी पूड प्रयोगांत बहुधा किलोला ५ ते २० ग्रॅम आणि हळदीची पूड १ ते १० ग्रॅम या पट्ट्यात वापरलेली दिसते. मत्स्यबीजासाठी या पट्ट्यांच्या खालच्या टोकावरून निघावे आणि वर चढण्याची गरज खरोखर सिद्ध झाली तरच चढावे.

प्रत्यक्षात हे वजन किती लहान असते ते पाहण्यासारखे आहे. प्रत्येकी अर्ध्या ग्रॅमची १०,००० पिल्ले म्हणजे ५ किलो मासे. ८ टक्के दराने त्यांना दिवसाला ४०० ग्रॅम खाद्य लागते आणि अर्धा टक्का पूड म्हणजे दिवसभरासाठी अवघे २ ग्रॅम. हे चमच्याने किंवा चिमटीने मोजण्याचे काम नाही. दहाव्या भागापर्यंत ग्रॅम दाखवणारा छोटा काटा नसेल, तर निदान पाच-सात दिवसांचे खाद्य एकदम तयार करावे, म्हणजे तोलण्यातली चूक विभागली जाते. पूड मिसळतानाही तीच काळजी घ्यावी. २ ग्रॅम पूड आधी २० ग्रॅम पिठात, ते मिश्रण १०० ग्रॅममध्ये आणि ते सर्व उरलेल्या खाद्यात, अशा चढत्या क्रमाने मिसळली तरच ती सारखी पसरते. एरवी काही घास पुडीने भरलेले आणि काही कोरे असतात. पिल्ले कडवट घास ओळखायला शिकली की त्यानंतर चांगला घासही नाकारतात.

पूड आणि अर्क यांतला फरक न पाहणे ही याच हिशेबातली सर्वांत महागात पडणारी चूक आहे, आणि ती माझ्या हातून झाली आहे. एका हंगामात पूड संपली म्हणून त्याच वनस्पतीचा कोरडा अर्क मी आणला आणि पूर्वीच्याच वजनाने, म्हणजे किलोला १० ग्रॅम या प्रमाणात घातला. तो दहास एक या प्रमाणात काढलेला अर्क होता. त्याचा १ ग्रॅम १० ग्रॅम वनस्पतीच्या बरोबरीचा होता. तिसऱ्या दिवशी पिल्ले कोपऱ्यात गोळा होऊन वरच्या थरात लटकू लागली आणि त्यांच्या मागे पांढऱ्या दोऱ्यासारखी विष्ठा लोंबताना दिसली. मी पाणी तीन वेळा तपासले, हवा वाढवली, निम्मे पाणी बदलले. डब्यावरची ती एक ओळ मी पाचव्या दिवशी वाचली. तोपर्यंत गेलेली पिल्ले परत येणार नव्हती, आणि त्यांचे मला आजही वाईट वाटते. तेव्हापासून नवा डबा उघडला की त्यावरचे प्रमाण वाचून, 'पूड' की 'अर्क' हे झाकणावर मोठ्या अक्षरांत लिहिल्याशिवाय तो मी काट्याजवळ नेत नाही.

आणखी एक गोष्ट हिशेबातून निसटते, ती प्रथिनांची. मत्स्यबीजाच्या खाद्यात ४० टक्के प्रथिने असतील आणि किलोभर खाद्यात ५० ग्रॅम तंतुमय पूड वरून घातली, तर मिश्रणात प्रथिने सुमारे ३८ टक्के उरतात, शिवाय तंतूंमुळे पचनही घटते. वाढ खुंटल्याची तक्रार अशा वेळी वनस्पतीविरुद्ध केली जाते, पण खरे तर पिल्लाच्या ताटातला सकस घासच आपण कमी केलेला असतो. १ टक्क्यापर्यंतच्या मात्रेत हा फरक नगण्य असतो.

पिल्लू घास का थुंकते

पूड टिकते आहे, मात्रा बरोबर आहे, तरीही घास नाकारला जात असेल तर चवीकडे आणि मालाच्या दर्जाकडे पाहावे. कार्प जातीच्या माशांच्या बाबतीत एक सावधगिरी सांगितली पाहिजे. हे मासे घास तोंडात घेऊन चाळतात आणि नको असलेला भाग बाहेर टाकतात, त्यामुळे थोडेफार थुंकणे हे त्यांच्या खाण्याचाच भाग आहे. साध्या खाद्यावर पिल्लू एकदा थुंकून दुसऱ्यांदा गिळत असेल आणि पूड घातलेल्या खाद्यावर तीन-चार वेळा उचलून शेवटी सोडून देत असेल, तरच तो नकार समजावा. टाकीच्या काठाशी शांत बसून एकाच पिल्लावर नजर ठेवून दहा घास मोजले, तर हा फरक डोळ्यांना स्पष्ट दिसतो.

कडू आणि तुरट वनस्पतींचा नकार जास्त येतो. तुरटपणा आणणारे टॅनिन तर खाद्यातल्या प्रथिनांना बांधून पचनही अडवते, म्हणून साली आणि कच्ची फळे यांच्या पुडी मत्स्यबीजासाठी मी टाळतो. कोरफड वापरायची असेल तर फक्त आतला गर घ्यावा. सालीखालच्या पिवळ्या चिकात ॲलोइन असते आणि ते रेचक आहे. लसूण मात्र बऱ्याच जातींमध्ये उलट भूक वाढवणारा ठरतो, म्हणून एकच वनस्पती निवडायची झाली तर सुरुवात त्याने करण्याचा सल्ला मी देतो.

लसणाच्या बाबतीत उष्णता हा खरा शत्रू आहे. पाकळी ठेचल्यावर ॲलिनेझ नावाचे विकर (एन्झाइम) ॲलिइनपासून ॲलिसिन तयार करते. पाकळी ठेचण्याआधीच शिजली किंवा फार तापली तर हे विकर मरते आणि ॲलिसिन तयारच होत नाही. म्हणून ताजा लसूण ठेचून दहा मिनिटे तसाच ठेवावा आणि मग कोमट, गरम नव्हे अशा लेपात मिसळावा. ॲलिसिन स्वतःही टिकाऊ नसल्यामुळे असे खाद्य दोन-तीन दिवसांत संपेल एवढेच करावे. ओल्या लसणातल्या पाण्यामुळेही ते फार दिवस ठेवणे बरे नव्हे. कणकेत घालून उच्च तापमानाच्या यंत्रातून काढलेल्या खाद्यात लसणाचा वास राहतो, पण जे हवे होते त्याचा बराचसा भाग गेलेला असतो.

साठवणीविषयी थोडक्यात सांगायचे तर पूड कोरडी, हवाबंद आणि अंधारात असावी. तिला कुबट वास आला, गुठळी झाली किंवा रंग उतरला तर ती पिल्लांना घालू नये. दमट पुडीवर वाढणारी ॲस्परजिलस बुरशी अफ्लाटॉक्सिन तयार करते आणि ते यकृताचे विष आहे. तयार हळदपुडीत रंग खुलवण्यासाठी लेड क्रोमेटची भेसळ होते हे ज्ञात आहे, म्हणून हळकुंडे आणून स्वतः दळणे कधीही चांगले.

किती दिवस द्यावे आणि उपयोग झाला हे कसे ओळखावे

युरोपीय संघाने १ जानेवारी २००६ पासून वाढ वाढवण्यासाठी खाद्यात प्रतिजैविके घालण्यावर पूर्ण बंदी आणली, आणि वनस्पतीजन्य पूरकांकडे ओढा वाढण्यामागे अशा निर्बंधांचा मोठा वाटा आहे. त्यामुळे पुष्कळांच्या मनात हे पूरक म्हणजे प्रतिजैविकाची जागा घेणारे औषध अशी प्रतिमा बसली आहे. ती बाजूला ठेवली पाहिजे. बहुतेक वनस्पतींचा उपयोग भूक, पचन आणि जन्मजात प्रतिकारशक्ती यांना हातभार लावण्यापुरता असतो, आणि मत्स्यबीजाच्या वयात पिल्लाजवळ हीच प्रतिकारशक्ती मुख्यतः असते. म्हणून पूरकाची योग्य वेळ रोग दिसल्यावर नसून ताण येण्यापूर्वी असते. प्रतवारी (आकारानुसार पिल्ले वेगळी करणे), वाहतूक किंवा तळे बदलणे ठरले असेल तर त्याच्या एक-दोन आठवडे आधी ते सुरू करावे.

सलग महिनोन् महिने देण्याने लाभ वाढत जात नाही. प्रतिकारशक्ती उत्तेजित करणाऱ्या पदार्थांचा परिणाम दीर्घ वापराने ओसरू शकतो. दोन-तीन आठवडे द्यावे, मग तेवढेच दिवस साधे खाद्य द्यावे, हा क्रम मला योग्य वाटतो. त्यात आणखी एक फायदा असा की साध्या खाद्याच्या काळात तुलना करण्याची संधी आपोआप मिळते.

तुलनेशिवाय या विषयात काहीच कळत नाही. शेजारी साध्या खाद्यावरचा एक हापा कायम ठेवावा, दर पंधरा दिवसांनी दोन्हीकडची निदान तीस पिल्ले तोलावीत आणि मेलेल्यांची नोंद रोज करावी. ०.५ ग्रॅमचे पिल्लू ३० दिवसांत १.५ ग्रॅम झाले तर त्याचा विशिष्ट वाढदर, म्हणजे चक्रवाढीसारखी मोजलेली रोजची वाढ, दिवसाला सुमारे ३.७ टक्के येतो. हा दर दोन्ही हाप्यांसाठी काढून शेजारी लिहावा. मात्र सरासरी वजन एकटे पाहू नये. ज्या हाप्यात मरतूक अधिक झाली तिथे उरलेल्या पिल्लांना जागा आणि खाद्य अधिक मिळते, त्यामुळे ती मोठी दिसतात आणि अपयशी पूरक यशस्वी वाटू लागते. जगलेल्यांची संख्या, त्यांचे एकूण वजन आणि खाल्लेले खाद्य हे तीनही आकडे एकत्र मांडले तरच खरे चित्र दिसते.

चक्र मोडण्यासाठी पुन्हा सुरुवात करताना मी हा क्रम पाळतो. पिल्ले साध्या खाद्यावर पाच दिवस पूर्ण भुकेने खात असल्याची खात्री करून घेतो. मग एकच वनस्पती, ठरवलेल्या मात्रेच्या चौथ्या भागाने, पेल्यातल्या चाचणीत टिकलेल्या लेपासह, दिवसातल्या फक्त पहिल्या वाढणीत देतो, कारण तेव्हा भूक सर्वांत तीव्र असते. तीन दिवस ट्रेमध्ये काही उरले नाही तर सर्व वाढण्यांत तीच मात्रा देतो, आणि पुढे दर तीन दिवसांनी एक चतुर्थांश वाढवत नेतो. ज्या दिवशी खाद्य उरेल त्या दिवशी मागच्या पायरीवर परत येतो आणि तीच त्या पिल्लांची मर्यादा मानतो, मग पुस्तकी प्रमाण त्याहून कितीही अधिक असो. मिश्रणे, म्हणजे तीन-चार वनस्पती एकत्र, मी या टप्प्यावर वापरत नाही, कारण त्यात बिघडले तर कोणामुळे हे सांगता येत नाही. एवढे करूनही एखादी वनस्पती दोनदा नाकारली गेली, तर त्या जातीच्या त्या वयाच्या पिल्लांसाठी ती माझ्या वहीत बंद होते, आणि बोटुकली पाच-सहा ग्रॅमची झाल्यावर तीच वनस्पती पुन्हा चौथ्या भागापासून तपासून पाहतो.